मुक्कामाला उतरावे अशी छोटी गावे : वाईपासून सुरुवात

पायवाट (धाग्याचा आरंभ)

दोन दिवसांची सुटी मिळाली की पुण्या-मुंबईकडची बहुतेक मंडळी ठरलेल्या चार-पाच ठिकाणांपैकी एखादे ठिकाण गाठतात आणि तिथे खोली मिळवण्यापासून गाडी लावण्यापर्यंत सगळ्यासाठी रांगेत उभी राहतात. मीही कित्येक वर्षे महाबळेश्वरला जाताना वाईतून पुढे गेलो. ढोल्या गणपतीला नमस्कार, चहा आणि पुन्हा गाडी, एवढीच माझी वाई होती. तीन वर्षांपूर्वी पसरणी घाटात वाहतूक अडकली, मुले कंटाळली, म्हणून आम्ही घाटाच्या पायथ्यावरून मागे फिरलो आणि वाईत जी खोली मिळाली ती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नदीच्या घाटावर जाऊन बसलो आणि पुढचे दोन्ही दिवस वाईतच काढले. त्यानंतर मी चार वेळा मुद्दाम वाईला गेलो आहे आणि दर वेळी तिथेच राहिलो आहे.

या धाग्यावर अशाच गावांविषयी लिहावे अशी विनंती आहे. थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे, रिसॉर्ट यांविषयी इथे भरपूर लिहिले गेले आहे. मला छोटी, जुनी, पायी फिरता येतील अशी गावे अभिप्रेत आहेत, जिथे माणसे पिढ्यानपिढ्या राहत आहेत आणि पाहुणा नसला तरी गावाचा दिवस नेहमीसारखाच उजाडतो.

सुरुवात वाईने करतो. पुण्याहून अंतर साधारण ९० किलोमीटर आहे. साताऱ्याच्या महामार्गावर खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचे. स्वारगेटहून एसटीची सोय चांगली आहे. रेल्वेने यायचे तर वाठार स्थानक जवळचे, परंतु तिथून पुढे पुन्हा वाहन बघावे लागते. शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत हमखास गर्दी होते, म्हणून शक्य असेल त्यांनी शुक्रवारी रात्रीच यावे, म्हणजे शनिवारची पहाट घाटावर मिळते आणि वाईत खरी मोलाची वेळ तीच आहे.

कृष्णेच्या काठाने गावात सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटामागे त्याची आळी आहे. पहाटे पायऱ्यांवर धुणे धुणाऱ्या बायका, पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देणारे एखादे आजोबा, पोहायला आलेली मुले असे सगळे एका नजरेत दिसते. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. समोरून दर्शन घेऊन परत फिरू नका, मंदिराला वळसा घालून मागच्या बाजूला जा. ती भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलेली आहे, म्हणजे पुराचे पाणी येऊन तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. मी त्या दगडांवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. अडीचशेहून अधिक पावसाळे ते मंदिर नदीच्या इतके जवळ टिकले आहे, त्यामागे बांधणाऱ्याची ही समज आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या मंदिरात काळ्या दगडाचा नंदी आहे, त्याच्या गळ्यातील घंटांची माळ जवळून पाहावी. दगडात कोरलेली ती माळ इतकी नेमकी आहे की हलवली तर वाजेल असे वाटते.

माहेरवाशीण

पायवाट, तुमचे लेखन वाचून माहेरी जाऊन आल्यासारखे झाले. माझा जन्म मधल्या आळीतला. लग्नानंतर मी ठाण्यात राहते, परंतु वर्षातून एकदा कृष्णाबाईच्या उत्सवाला जाणे मी चुकवत नाही, आणि वाईला यायचे असेल तर शक्यतो या उत्सवाच्या काळात यावे असे मी प्रत्येकाला सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. कृष्णा नदी ही आमच्याकडे देवी आहे आणि तिला आम्ही कृष्णाबाई म्हणतो. १६५९ मध्ये अफझलखान वाईला तळ ठोकून होता. त्या संकटाच्या वेळी कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तो फेडण्यासाठी हा उत्सव सुरू झाला, अशी गावात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी परंपरा आहे. माघाच्या सुमारास उत्सवाला सुरुवात होते आणि मग एकेका घाटाची पाळी येते. घाटावर मांडव पडतो, देवीची मूर्ती बसते, रोज पूजा, भजन, कीर्तन होते आणि शेवटी प्रसादाच्या पंगती उठतात. एका आळीचा उत्सव संपला की पुढच्या आळीचा सुरू होतो. ज्या आळीची पाळी असेल तिथल्या लेकी त्या दिवसांत माहेरी येतात आणि सख्ख्या बहिणीला वर्षभर न भेटलेल्या बायका ओटी भरायच्या रांगेत भेटतात. माझी आई अखेरच्या आजारपणात घराबाहेर पडू शकत नव्हती, तेव्हा आळीतल्या मुलांनी खुर्चीसकट तिला उचलून घाटावर नेले होते. ती मुले आता चाळिशीची झाली आहेत आणि मी अजून त्यांना नावाने हाक मारते.

बाहेरच्या माणसाला या उत्सवात परके वाटत नाही. पंगतीला बसा म्हटले तर संकोच न करता बसावे. एकच विनंती आहे. घाटावर छायाचित्रे काढताना आंघोळ करणारी, धुणे धुणारी माणसे त्यांना न विचारता टिपू नयेत. ते त्यांचे रोजचे अंगण आहे.

आणखी एक सांगते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधन गावी भैरवनाथाचे बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंचावर बांधून ओढायचा गाडा, असते. कृष्णेच्या काठावरून निघालेले ते प्रचंड लाकडी बगाड बैलांच्या कितीतरी जोड्या बदलत शेतांमधून गावापर्यंत ओढत आणतात. त्या दिवशी परिसरातील रस्ते माणसांनी भरलेले असतात. बगाड पाहायचे असेल तर पहाटे पोहोचावे आणि शांतता हवी असेल तर तो शनिवार-रविवार टाळावा. पौषात मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते, तेव्हाही वाईतून जाणारी गर्दी मोठी असते.

दप्तरदार

वाईच्या मुक्कामात मेणवलीला निदान अर्धा दिवस द्यावा. गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे, सकाळी चालतही जाता येते आणि रस्ता शेतांमधून जातो. नाना फडणीसांचा (बाळाजी जनार्दन भानू) तिथला वाडा सहा चौकांचा आहे. पुण्यातले बहुतेक पेशवेकालीन वाडे आगीत किंवा नव्या बांधकामांत गेले, परंतु मेणवलीला वाडा, त्यामागचा घाट आणि नदी अशी पूर्ण रचना एकत्र पाहायला मिळते. नानांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०० नंतरच्या उलथापालथीतून वाचलेल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे याच वाड्यात राहिल्या. इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवलीचे नाव ठाऊक असते ते इथल्या दप्तरामुळे. उत्तर मराठेशाहीचा अभ्यास त्या कागदांशिवाय होत नाही.

घाटावर मेणेश्वराच्या मंदिराजवळ एका लहानशा दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधील घंटा मराठी फौजांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांना मिळाल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील आणि भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे. माझ्या मुलीने ती आकृती शोधून काढली आणि “ही कुणाची देवी?” असे विचारले. घंटेखालीच बसून मी तिला वसईच्या वेढ्याची गोष्ट सांगितली. शाळेच्या पुस्तकात तो वेढा दोन ओळींत संपतो. घंटा मोठ्याने वाजवू नये. बोटाच्या पेराने हलकेच टकटक केले तरी तिचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो.

मेणवलीच्या घाटावर अनेक चित्रपटांची चित्रीकरणे झाली आहेत, त्यामुळे सुटीच्या दिवशी दुपारनंतर तिथे बरीच गर्दी असते. सकाळी नऊच्या आत गेलात तर घाट जवळजवळ तुमचाच असतो. तिथून पुढे धोमला जाता येते. धोमच्या मंदिरात नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवतीच्या कुंडात पाणी भरले की ते कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो. पावसाळ्यानंतर गेल्यास हे दृश्य पूर्ण दिसते. उरलेल्या वेळात लोहारे गावाजवळची लेणीही पाहता येतील. मूळ बौद्ध लेणी, नंतर शिवाचे स्थान झालेली.

रोखठोक

वर सर्वांनी लिहिलेल्या गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु नव्याने जाणाऱ्यांची निराशा होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. एप्रिल-मे महिन्यांत वाईतल्या नदीत पाणी कमी असते. धोम धरणातून किती पाणी सोडले आहे यावर घाटाचे रूप अवलंबून असते. काही वेळा जलपर्णी दिसते, काही वेळा निर्माल्य आणि प्लास्टिक. गावातील माणसे पुढाकार घेऊन नदी स्वच्छ करतात हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याच ठिकाणी पाहुण्यांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्याही पाहिल्या आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवाई अप्रतिम असते, मात्र नदी चढली की घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि पाण्यात उतरणे धोक्याचे असते.

उन्हाळ्यातच जायचे असेल तर वसंत व्याख्यानमालेच्या तारखा पाहून जा. दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी गावातील माणसे एखाद्या गंभीर विषयावरचे व्याख्यान ऐकायला मोठ्या संख्येने जमतात आणि शेवटपर्यंत बसतात. पर्यटनाच्या कोणत्याही यादीत हे सापडणार नाही, परंतु वाई म्हणजे काय ते मला तिथे कळले.

ग्रंथवेडा

व्याख्यानमालेचा उल्लेख वाचून आनंद झाला. वाईचे हे अंग या धाग्यावर राहून जाऊ नये असे वाटत होते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली प्राज्ञपाठशाळा या गावातली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरहून लहान वयात शिकायला इथे आले आणि जन्मभर इथलेच झाले. अस्पृश्यता शास्त्राला धरून नाही, हे शास्त्राच्याच आधाराने सांगणारी माणसे या नदीकाठच्या पाठशाळेत घडली. पुढे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले तेव्हा त्याचे कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात न जाता वाईला आले, ते तर्कतीर्थांमुळे. विश्वकोशाचे सर्व वीस खंड या लहान गावातून संपादित झाले आहेत. एखाद्या भाषेचा ज्ञानकोश तालुक्याच्या गावी बसून तयार होतो, ही गोष्ट मला आजही अभिमानाची वाटते.

सांजवेळ

मी या धाग्यावर एक अडचण घेऊन आले आहे. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. ते शिक्षक होते आणि विश्वकोशाचा एकेक खंड प्रसिद्ध होईल तसा पगारातून पैसे बाजूला ठेवून ते घेत आले. ते कपाट आमच्या घरातली सर्वांत जड वस्तू आहे. वर विश्वकोशाचा उल्लेख वाचून मी त्यांना वाईला नेण्याचे मनात आणले. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, फार चालवत नाही. घाटाच्या पायऱ्या त्यांना जमतील का? विश्वकोशाचे कार्यालय पाहता येईल का? दोन दिवसांत किती ठिकाणे ठेवावीत?

माहेरवाशीण

सांजवेळ, वडिलांना अवश्य घेऊन जा. ढोल्या गणपतीच्या बाजूला घाटाच्या वरच्या अंगापर्यंत गाडी जाते, त्यामुळे पायऱ्या न उतरताही नदी दिसते आणि बसायला कट्टे आहेत. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. तिथे त्यांना वाडा दाखवा आणि घाट वरूनच पाहू द्या. एका दिवसात दोनच ठिकाणे ठेवा. खोली तळमजल्यावरची मागून घ्या आणि फोनवर विचारून खात्री करून घ्या, कारण जुन्या इमारतींना लिफ्ट नसते.

जेवणासाठी एखाद्या साध्या खाणावळीत जा. भाकरी, पिठले, खर्डा आणि ताक एवढे मिळाले तरी पोट तृप्त होते. थंडीत जात असाल तर पाचगणी-भिलारकडून खाली आलेली स्ट्रॉबेरी वाईच्या बाजारात मिळते. येताना हळद आणा. आमच्या भागात हळदीचे पीक जुने आहे आणि काढणीनंतर हळद शिजवायला सुरुवात झाली की शिवारातून जाताना तिचा वास येतो. वडिलांना तो वास नक्की आवडेल.

ग्रंथवेडा

विश्वकोशाचे कार्यालय गंगापुरीत आहे. ते सरकारी कार्यालय असल्यामुळे शनिवार-रविवारी बंद असते. तुम्हाला शुक्रवारची रजा घेता आली तर दुपारपर्यंत पोहोचा आणि आधी दूरध्वनी करून परवानगी विचारा.

माळरान

मूळ धागा छोट्या गावांचा आहे, म्हणून सातारा जिल्ह्यातच राहून औंधची भर घालतो. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, खटाव तालुक्यात, माळावर वसलेले हे गाव. वाईसारखी नदी इथे नाही. टेकडी आहे, टेकडीवर यमाई आहे आणि वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९३८ मध्ये या संग्रहालयात ठेवला. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे इथे आहेत आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे आई आणि मूल हे दगडातील लहानसे शिल्पही आहे. मोठ्या शहरांतली संग्रहालये ज्याच्या एका शिल्पासाठी स्वतंत्र दालन ठेवतात, त्याचे काम खटावच्या माळावर पाहायला मिळते. मी पहिल्यांदा ते शिल्प शोधत दोनदा त्याच्या समोरून गेलो, इतके ते छोटे आहे.

याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि १९३९ मध्ये संस्थानात ग्रामपंचायतींवर आधारलेला स्वराज्याचा कायदा आणला. सूर्यनमस्कारांचा प्रसार हाही त्यांचाच ध्यास होता आणि पंडित सातवळेकरांचे वेदाभ्यासाचे काम बरीच वर्षे औंधला त्यांच्याच आश्रयाने चालले. राहण्याच्या सोयी मर्यादित आहेत, म्हणून मुक्काम साताऱ्यात करून औंधला दिवसभर जाणे बरे. संग्रहालयाचा सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. टेकडीवर गाडी जाते, त्यामुळे वृद्धांनाही अडचण नाही.

पायवाट

माळरान, औंध माझ्या यादीत नव्हते, आता आहे. तीन दिवस हाताशी असतील त्यांना मी सावंतवाडी सुचवीन. मध्यभागी मोती तलाव, काठाशी राजवाडा आणि पलीकडे चितार आळी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायची हाताने रंगवलेली पाने, तयार करणारे कारागीर काम करताना पाहता येतात. सावंतवाडीच्या राजघराण्यातील सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही लोपत चाललेली कला स्वतः शिकून पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेचा पूर्ण डाव १२० गोल पानांचा असतो, प्रत्येक अवताराची बारा पाने. मी पाहिले तेव्हा कारागीर मत्स्यावताराचे पान करत होत्या. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत त्यांनी एका बारीक कुंचल्याने माशाचे खवले ओढले आणि सगळे खवले होईपर्यंत मान वर केली नाही. सावंतवाडीवर स्वतंत्रपणे सविस्तर लिहीन, इथे वाईचेच चालू राहू द्यावे.

सांजवेळ

आम्ही गेल्या शुक्रवारी जाऊन आलो. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

शुक्रवारी दुपारी तीनला पोहोचलो. आधी फोन केला होता, त्यामुळे कार्यालयात आत जाता आले. वडिलांनी तिथे फार प्रश्न विचारले नाहीत. एका टेबलावर खंड ठेवलेले होते, त्यांतला एक त्यांनी उघडला, मांडीवर घेतला आणि घरी वाचतात तसे चष्मा वर सरकवून वाचायला लागले. नोंद कोणती होती हे मी विचारले नाही. तिथल्या बाईंनी त्यांना पाणी दिले आणि निवांत बसू दिले.

शनिवारी पहाटे आम्ही घाटावर गेलो. माहेरवाशीण यांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या कट्ट्यावर बसण्याचा बेत होता, परंतु वडिलांनी माझा हात धरला आणि एकेक पायरी करत ते खाली उतरले. पंधरा पायऱ्यांना वीस मिनिटे लागली. धुणे धुणाऱ्या एका मावशींनी आपले पिळे बाजूला सरकवून त्यांना बसायला जागा करून दिली. त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि ऊन चढेपर्यंत त्या दोघांचे त्यांच्या गावातल्या पावसापाण्याविषयी बोलणे चालले होते. मेणवली आम्ही रद्द केली. संध्याकाळी पुन्हा घाटावर जायचे का, असे त्यांनीच विचारले.

मेणवलीची घंटा राहिली आहे, म्हणून माघात उत्सवाच्या वेळी पुन्हा जाणार आहोत. माहेरवाशीण, मधल्या आळीची पाळी कधी असते ते कळवाल का?

माहेरवाशीण

तारखा गावातून विचारून तुम्हाला व्यक्तिगत संदेशाने कळवते. त्या दिवशी पंगतीला आमच्या घरच्यांबरोबर बसा. वडिलांसाठी खुर्ची लागेल, ती आळीतली मुले आणतील.